मानपत्रात काय लिहायचं

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सरपंचताई शाळेत आल्या. मधली सुट्टी चालली होती. व्हरांड्यात उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बाई, आठ मार्चला आशाताईंचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर तेवढा तुम्ही लिहून द्या. जरा चांगला लिहा."

गावात लिहिण्याचं काम निघालं की माणसं शाळेकडे वळतात. नऊ वर्षांत मी इथे बँकेचे अर्ज लिहिलेत, लग्नपत्रिकांचे मजकूर लिहिलेत, दशक्रियेचे निरोपही लिहिलेत. त्याच संध्याकाळी कागद घेतला आणि दहा मिनिटांत मानपत्र लिहून टाकलं. सेवा, त्याग, समर्पण. मायेची सावली. नारीशक्तीचा मूर्तिमंत आविष्कार. शेवटी उदंड आयुष्याच्या शुभेच्छा.

मग ते मोठ्यानं वाचून पाहिलं. नाव बदललं असतं तर तेच मानपत्र अंगणवाडीच्या सेविकेला चाललं असतं, मला चाललं असतं, खुद्द सरपंचताईंना चाललं असतं. मी कागद घडी करून ठेवून दिला. या बाईला मी नऊ वर्षं रोज बघतेय. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, पायात झिजलेली चप्पल, सकाळी सातला ती शाळेवरून जाते. पण जाते कुठे आणि तिथे नेमकं करते काय, हे मला एका ओळीतही सांगता येत नव्हतं. त्याची फार लाज वाटली.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. जामखेड तासाभराच्या अंतरावर. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की ट्रक नि ट्रॅक्टर लागतात आणि अर्धं गाव ऊस तोडायला निघून जातं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते, त्यामुळे पोटात सहा महिन्यांचं बाळ असलं तरी बाई जाते. माझ्या वर्गातली पोरंही जातात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढच्या रिकाम्या चौकोनांची मला सवय झाली आहे. आशाताईंना ती झालेली नाही, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले. "ताई, तुमच्याबद्दल लिहायचंय. दिवसभर काय करता ते सांगा." त्या चुलीपाशी होत्या. हसल्या. "काय सांगू बाई? फिरते." मग भाकरी उतरवून, हात पुसून त्यांनी पिशवी समोर ओतली. थर्मामीटर, बाळाचं वजन करायचा झोळीचा काटा, बॅटरी, लोहाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, माता-बाल संरक्षण कार्डं, सरकारी रजिस्टर. सगळ्यात खाली शंभर पानी साधी वही, कव्हर निघालेलं, दोऱ्यानं शिवलेली. "ही माझी. ही वर द्यायची नसते."

त्या वहीत गाव सोडून गेलेल्या बायका होत्या. एकेका पानावर एकेक. नाव, कितवा महिना, कोणता कारखाना, कोपी, म्हणजे फडाजवळची तात्पुरती झोपडी, कोणत्या गावाच्या शिवारात पडली आहे, मुकादमाचा नंबर, पुढचं इंजेक्शन कधी, रक्त किती, पहिलं बाळंतपण कसं झालं होतं. काही पानांवर दोन-तीन फोन नंबर खोडून नवे लिहिलेले. "फोन हरवत्यात. रिचार्ज संपतो. मग मुकादमाला लावायचा. तो देत नाही फोन लवकर. मी सोडत नाही."

एका पानावर तारखेखाली फक्त तीन शब्द होते : अंगठी घट्ट झाली.

मी विचारलं. त्या सांगू लागल्या. मागच्या हंगामात एक सात महिन्यांची पोर चारशे किलोमीटर लांब तोडीला गेली होती. रविवारी फोनवर बोलता बोलता ती सहज म्हणाली, ताई, लग्नातली अंगठी निघंना झालीय. दुसरी कुणी असती तर तेल लाव म्हणाली असती. आशाताईंनी विचारलं, तोंड सुजलंय का? डोकं दुखतं का? डोळ्यापुढं काजवे येतात का? तिन्हीला हो आलं. त्यांनी आपल्यावरच्या गटप्रवर्तकांना फोन केला, गटप्रवर्तकांनी तालुक्याला, तालुक्यातून त्या जिल्ह्यातला नंबर निघाला, आणि रात्री अकराच्या सुमारास तिकडच्या गावची एक आशा, यांच्यासारखीच गावात आरोग्याचं काम करणारी बाई, जिला यांनी आजवर पाहिलेलं नाही, बॅटरी घेऊन उसाच्या फडाकडच्या कोप्यांत पोचली. १०८ आली. रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. पोर वाचली, बाळ वाचलं.

"तिकडची आशा आता माझी बहीणच झाली," त्या म्हणाल्या. "भाऊबीजेला फोन करते मला." आणि भाकरी करपेल म्हणून उठल्या.

घरी आले ती डोक्यात ती वही घेऊन. नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माइक येतो, व्यासपीठ येतं. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि ते फार मोलाचं आहे. आमच्या सरपंचताईच पहिलं वर्षभर नवरा बोट ठेवील तिथे सही करायच्या, आता एकट्या येतात, कागद वाचतात, मग सही. हे बदल मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण एका साध्या वहीच्या जोरावर चार जिल्ह्यांत विखुरलेल्या बायकांना धरून ठेवायचं, मुकादमाला फोन द्यायला भाग पाडायचं, सुजलेल्या बोटावरून धोका ओळखायचा आणि मध्यरात्री यंत्रणा हलवायची, याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. हे नेतृत्वच आहे.

आणि ते आमच्या भागाला नवं नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. खेड्यात राहून काम करायला शिकलेल्या नर्सबाई तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवायला घेतलं. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. गावानं निवडायच्या, जामखेडला शिकायचं, परत गावात जाऊन ते करायचं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आमच्याकडे जुनी माणसं आठवण काढतात ती त्या बायकांची. अमक्या गावच्या बाईंनी आडवं आलेलं मूल ओळखलं होतं, तमक्या बाईंनी कुष्ठरोग्याला घरात घेतलं होतं.

त्यांच्यातल्याच मुक्ताबाई पोळ. १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आरोग्याच्या एका मोठ्या परिषदेत त्यांना बोलायला बोलावलं होतं. सभागृहात झुंबरं लखलखत होती. मुक्ताबाई म्हणाल्या ते साधारण असं : ही झुंबरं फार सुंदर आहेत, पण ती पाहायला हजारो मैल यावं लागतं, आणि डॉक्टरही तसेच असतात, देखणे पण महाग, हाताला न लागणारे. मग त्यांनी दोन वातीचे दिवे काढले. एक लावला, म्हणाल्या, हा माझ्यासारखा, साधा, स्वस्त. आणि त्यावर दुसरा लावून दाखवला. झुंबराला हे जमत नाही.

ही गोष्ट मी वर्गात मुलांना सांगते. आशाताईंना सांगितली तेव्हा त्यांना ती आधीच माहीत होती. त्यांच्या सासूची मैत्रीण जामखेडला शिकायला जायची.

दुसरा धागा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथे ३९ गावांतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाला घरीच तपासायला आणि उपचार करायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं. त्याआधी न्यूमोनिया ओळखण्यासाठी त्यांनी एक साधं यंत्र केलं होतं : चौकटीत मणी, शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ज्या सुईणीला पुढचे आकडे येत नाहीत तिलाही निदान करता यावं म्हणून. मला त्या मण्यांचं फार अप्रूप वाटतं. येत नाही म्हणून कुणाला बाजूला न सारता, जे येतं त्यावर मांडणी केली. शिक्षिका म्हणून मी हे रोज विसरते आणि रोज आठवावं लागतं.

तीच पद्धत २०११ मध्ये देशभरच्या आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी जायचं. बाळ तपासायचं, वजन घ्यायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे. सहा भेटी पूर्ण झाल्या की अडीचशे रुपये. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका असल्यामुळे तिला पगार नाही, मोबदला आहे. हा शब्द मला टोचतो. १०८ बोलावणारी, रात्री बाळंतिणीबरोबर जाणारी, कोविडात घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरणारी बाई स्वयंसेविका, आणि खुर्चीत बसून तिचा अहवाल तपासणारा तो कर्मचारी. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. आशाताईंना हे गटप्रवर्तकांनी मोबाइलवर पाठवलं. त्यांनी ते शाळेत मला आणून दाखवलं होतं, मला आठवतं, आणि मी "अरे वा" म्हणून फळ्याकडे वळले होते. २०२४ च्या सुरुवातीला त्या मुंबईला गेल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. मुंबईत काय पाहिलं विचारलं तर म्हणाल्या, आझाद मैदान. थंडीत तिथेच झोपलो, तिथेच उठलो. आशांच्या त्या आंदोलनानंतर मार्चमध्ये राज्यानं मोबदल्यात पाच हजारांची वाढ केली. ही वाढ कुणी ओवाळणीत घातलेली नाही. ती त्या मैदानात बसून मिळवलेली आहे, आणि मानपत्रात मी ते लिहिणार होते.

लिहायला बसले तेव्हा पहिल्याच ओळीत अडले. पूर्ण नाव. गावात त्यांना सगळे आशाताईच म्हणतात. ते नाव नव्हे, पद आहे. सरपंचताईंनी पाठवलेल्या चिठ्ठीवर 'सौ.' होतं, आणि आशाताईंचे यजमान जाऊन सतरा वर्षं झाली आहेत. मी विचारायला गेले. "आशाताईच लिहा की," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, मानपत्र आहे, तुमचं नाव पाहिजे. जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, आता पोरांच्या दाखल्यावर आईचं नाव येतंय ना? मीच सांगत फिरते सगळ्यांना."

बरोबर आहे. १ मे २०१४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा निर्णय सरकारनं मार्च २०२४ मध्ये घेतला. आमच्या शाळेच्या रजिस्टरात आता तशी नावं येतात, आणि पहिलीच्या मुलांची हजेरी घेताना वर्ग एकदम भरल्यासारखा वाटतो.

"मग माझ्या नावापुढंबी माझ्या आईचं लिहा," त्या म्हणाल्या. "ती सुईण होती. तिच्या हातावर दोनशेवर पोरं जन्मली. तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. मतदार यादी सोडली तर."

तसं लिहिलं. स्वतःचं, आईचं, आडनाव. ते नाव इथे देत नाही, ते मानपत्रात आहे आणि त्यांच्या भिंतीवर आहे.

आठ मार्चला सकाळी दहाला ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला. सावित्रीबाईंचा फोटो मीच शाळेतून नेला. फोटोला हार घालताना दरवेळी माझ्या मनात येतं की आपण त्यांना शाळेपुरतं बांधून ठेवलंय. दोनच दिवसांनी, १० मार्चला, त्यांचा स्मृतिदिन असतो. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि त्या गेल्या. पहिल्या शिक्षिकेचं शेवटचं काम हे आशाचं काम होतं. हे मी त्या दिवशी भाषणात बोलले. मांडवात बायका कमीच होत्या. आशाताईंच्या वहीतल्या तर जवळपास कुणीच नव्हत्या. त्या अजून फडात होत्या, पाडव्याच्या आसपास परतणार होत्या. टाळ्या ज्यांनी वाजवायच्या त्याच नव्हत्या. तारीख ठरवताना हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

कार्यक्रम सुरू होण्याआधी आलेल्या बायकांना हळदीकुंकू लावायला दोन मुली ताट घेऊन निघाल्या. नेहमीची रीत, कुणी सांगितलंही नव्हतं. पहिल्या रांगेत सरपंचताई, मग अंगणवाडीच्या ताई, मग मी, मग आशाताई. माझ्या कपाळाला बोट लागलं आणि ताट पुढे गेलं. आशाताईंवरून थेट पलीकडच्या बाईकडे. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं, तिला घरी तसंच शिकवलेलं. मी वळून पाहिलं. आशाताईंनी ताट येण्याआधीच मान खाली घातली होती आणि पिशवीत हात घालून काहीतरी शोधायला लागल्या होत्या. ताट पुढे गेल्यावर त्यांचा हात थांबला. पिशवीतून काहीच बाहेर आलं नाही.

त्यांना ती वेळ नेमकी माहीत होती. किती वर्षांच्या सरावानं माहीत झाली असेल.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं नाही, कुंकू पुसणं नाही, मंगळसूत्र, जोडवी काढणं नाही. मग सरकारनंही परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. त्या ठरावाची बातमी कापून मीच शाळेच्या भिंतीवर लावली होती. आणि आता त्याच गावात, जिच्यासाठी मांडव घातला तिच्यावरून ताट पुढे गेलं, आणि मी कपाळावरचं कुंकू घेऊन बसून राहिले. उठून ताट मागे बोलवायला मला एक क्षण पुरला असता. मी उठले नाही. कार्यक्रम बिघडेल असं वाटलं. पुढचा सगळा वेळ तेच मनात होतं. मानपत्र वाचताना आवाज कापला, लोकांना वाटलं बाई भारावल्यात.

शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. चहा व्हायच्या आत आशाताई माझ्याजवळ आल्या. "मी निघते बाई. चौदावा दिवस आहे." वस्तीवर एक बाळंतीण होती. मी म्हटलं, मी येते.

वाटेत मी ताटाचा विषय काढला. माफी मागितली. त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, २००९ ला मी लागले तेव्हा नियमात लिहिलेलं होतं, गावातली लग्न झालेली, विधवा नाहीतर सोडलेली बाई पाहिजे. एवढ्या वर्षांत एकाच कागदात विधवा शब्द बघून मला बरं वाटलं होतं. पहिल्या बाळंतपणाला गेले तर सासूनं उंबऱ्यात अडवलं. ओल्या बाळंतिणीकडं अशी बाई नको. मी बाहेर ओट्यावर बसून सगळं विचारलं. बाळ दूध पितंय का, अंग कसं लागतंय. आठ दिवस ओट्यावरूनच केलं. नवव्या दिवशी बाळानं दूध सोडलं. तवा तीच सासू धावत आली."

"मग?"

"मग काय. आत गेले."

पुढे शेतातली पायवाट सुरू झाली तशी त्यांनी शाल काढून घडी करून पिशवीत ठेवली. ऊन चढलं होतं.

वस्तीवरच्या घरात एक म्हातारी दारातच उभी होती. आम्हाला बघून तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि साबणाची वडी. "या, वाटच बघत व्हते." आशाताईंनी चप्पल काढली, कोपरापर्यंत हात धुतले, पुसले नाहीत, हवेत वाळू दिले. मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. मी विचारलं कशाला. "गार हात लागला की बाळ रडतं. रडल्यावर श्वास मोजता येत नाही." उंबरा ओलांडून त्या अंधाऱ्या खोलीत शिरल्या, आणि म्हातारीनं त्यांच्या मागं पडदा सारला, मला आत घेऊन.

बाळ झोपलेलं होतं. आशाताईंनी दुपटं पोटापर्यंत उघडलं, घड्याळ मांडीवर ठेवलं आणि बाळाच्या पोटाकडे बघत बसल्या. त्यांचे ओठ नुसते हलत होते. खोलीत कुणी बोललं नाही. आई नाही, म्हातारी नाही. मीही त्यांच्याबरोबर मोजायला लागले, पण पंधरा-वीसनंतर चुकले. ते एवढंसं पोट फार भराभर वर-खाली होतं.

"सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "छान आहे." आणि वही उघडून लिहिलं.